क्लायोनी: पंखांनी पोहणारी, एकाच भक्ष्यावर जगणारी गोगलगाय

वास्कोच्या हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्र आहे. भारताच्या अंटार्क्टिक मोहिमांची आखणी इथून होते, हे गोव्यात बऱ्याच जणांना ठाऊक असतं. याच केंद्राचं एक ठाणं उत्तरेकडे, आर्क्टिकमध्येही आहे, याची चर्चा मात्र त्या मानाने कमीच होते. 'हिमाद्री' हे त्याचं नाव. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात न्यू-ऑलेसुंड म्हणून एक चिमुकली वस्ती आहे, तिथे १ जुलै २००८ रोजी ते सुरू झालं. तिथून उत्तर ध्रुव साधारण १२०० किलोमीटर. वस्तीच्या समोर कोंग्सफियॉर्ड नावाची खाडी आहे आणि तिच्या टोकाला हिमनद्या थेट समुद्रात उतरतात. या खाडीच्या गार पाण्यात एक पारदर्शक गोगलगाय पंख हलवत पोहत असते. क्लायोनी लिमासिना हे तिचं शास्त्रीय नाव. इंग्रजीत तिला लाडाने 'सी एंजल' म्हणतात, आणि इंटरनेटवर तिचे जे व्हिडिओ फिरतात त्यांच्याखाली 'किती गोड!' अशा प्रतिक्रियांचा पाऊस असतो. तिचं जेवण पाहिलेलं माणूस असं म्हणणार नाही.

आधी ती गोगलगाय कशी, ते पाहू. हणजूणच्या खडकांवर भर ओहोटीला फिरलात, तर डबक्यांत शंख नसलेल्या समुद्री गोगलगायी दिसू शकतात. त्या तळाला चिकटून पोटावर सरपटतात. ज्या स्नायूवर त्या सरपटतात त्याला प्राणिशास्त्रात 'पाद' म्हणतात. क्लायोनीच्या पूर्वजांनी तळ सोडला, तो कायमचाच. सरपटण्याचं काम उरलं नाही, आणि पादाच्या दोन बाजूंना पसरट, लवचिक पंख तयार झाले. या प्राण्यांना पंखपाद म्हणतात ते म्हणूनच. पंखपादांचे दोन गट आहेत: शंख बाळगणारे आणि बिनशंखाचे. क्लायोनी बिनशंखी गटातली. मात्र अंड्यातून बाहेर पडते तेव्हा तिच्याही अंगावर इवलासा शंख असतो. पहिल्या काही दिवसांतच ती तो टाकून देते, अंगाभोवती सूक्ष्म केसांच्या तीन कड्या फुटतात आणि त्या केसांच्या हालचालीवर ती पोहू लागते. पंख नंतर येतात.

मोठ्या क्लायोनीला शंख नाही, वेगळे कल्लेही नाहीत. प्राणवायू कातडीतूनच आत येतो. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळलेला असतो आणि तिचं अंगही लहान, त्यामुळे तिचं भागतं. अंग जवळजवळ काचेइतकं आरपार. आतली पचनग्रंथी, जननग्रंथी आणि शेपटीचं टोक तेवढं केशरी-तांबडं दिसतं. अगदी उत्तरेकडच्या पाण्यात ती ७ ते ८ सेंटिमीटरपर्यंत वाढते. अटलांटिकच्या दक्षिणेकडच्या, कमी थंड भागात मात्र सव्वा सेंटिमीटरच्या आसपासच थांबते. एकाच जातीत एवढा फरक, आणि त्याचा संबंध अन्नाशी आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

शास्त्राच्या वहीत तिची नोंद बरीच जुनी आहे. १६७१ मध्ये हांबुर्गहून देवमाशांच्या शिकारीला निघालेल्या जहाजावर फ्रीडरिख मार्टेन्स नावाचा वैद्य होता. स्वालबार्डच्या पाण्यात दिसलेल्या प्राण्यांचं वर्णन त्याने १६७५ मध्ये छापलं, त्यात ही पंखवाली गोगलगायही आहे. पुढे १७७३ मध्ये ब्रिटिश नौदलाचा कॉन्स्टंटाइन फिप्स उत्तर ध्रुवाकडे वाट शोधायला दोन जहाजं घेऊन गेला. बर्फाने त्यांना अडवलं आणि परत फिरवलं. त्यातल्या एका जहाजावर जेमतेम १४ वर्षांचा होरेशिओ नेल्सन होता, पुढे ट्रफाल्गरचा विजेता म्हणून नावाजलेला तोच. ध्रुव काही सापडला नाही, पण १७७४ च्या आपल्या प्रवासवर्णनात फिप्सने दोन पंखपादांना शास्त्रीय नावं दिली. एक क्लायोनी, आणि दुसरी शंखवाली लिमासिना हेलिसिना. शिकारी आणि शिकार एकाच पुस्तकात नोंदले गेले. त्यांचं एकमेकांशी नातं काय, याचा उलगडा व्हायला पुढे बराच काळ जावा लागला.

ते नातं सरळ आहे: मोठी झालेली क्लायोनी लिमासिनाशिवाय दुसरं काही खात नाही. अगदी पिल्लू असताना ती पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींवर निभावते. अंग अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर झालं की लिमासिनाच्या पिल्लांकडे वळते. तिथून पुढे आयुष्यभर तोच एक पदार्थ. आर्क्टिकच्या पाण्यात लिमासिना हेलिसिना, जरा दक्षिणेला तिची बहीण लिमासिना रेट्रोव्हर्सा. लहान क्लायोनी लहान लिमासिना धरते, मोठी मोठीला. शिकारी आणि शिकार जोडीनेच वाढत जातात.

एकाच अन्नावर जगायचं, तर ते अन्न मिळवण्यात तरबेज असावंच लागतं. लिमासिनाही पंखांनीच पोहते. धोका जाणवला की ती पंखांसकट आपल्या गोल, पातळ शंखात शिरते आणि खाली बुडू लागते. क्लायोनीला शिकार दिसत नाही, तशी नजरच तिला नाही. वास आणि स्पर्श यांवर सगळा कारभार. लिमासिनाचा सुगावा लागला की तिचं नेहमीचं संथ पोहणं संपतं, वेग वाढतो, आणि ती पाण्यात गिरक्या घेत, उलटीसुलटी होत वेडीवाकडी धावू लागते. आणि लिमासिनाला तिचा स्पर्श झाला की डोकं दुभंगतं. हा शब्द मुद्दाम वापरतोय, कारण व्हिडिओत नेमकं तसंच दिसतं. डोक्याच्या टोकाशी असलेल्या घड्या उघडतात आणि आतून सहा जाड, चिकट शुंडा बाहेर फेकल्या जातात. तीन डावीकडून, तीन उजवीकडून. त्यांच्यात हाड नसतं. अंगातलं द्रव दाबाने त्यांच्यात घुसतं आणि त्या फुगून ताठ होतात. या सगळ्याला लागणारा वेळ सेकंदाच्या सुमारे विसाव्या भागाइतका. डोळ्याची पापणी लवायला याच्या काही पट वेळ लागतो.

त्या सहा शुंडा शंखाला विळखा घालतात. खरं कसब यानंतरचं. लिमासिना आत दडलेली असते आणि क्लायोनी शंख फोडू शकत नाही. म्हणून ती शंख फिरवून फिरवून त्याचं तोंड आपल्या तोंडासमोर आणते. मग तोंडाच्या दोन बाजूंच्या पिशव्यांतून कायटिनचे, म्हणजे कीटकांचं कवच ज्याचं असतं त्या टणक पदार्थाचे, बारीक आकडे बाहेर येतात, शंखात शिरतात, मांसात रुततात आणि ओढू लागतात. सोबत दातेरी जीभही असते. कोंग्याच्या शंखात टाचणी घालून, हलकेच पीळ देत आतलं मांस अख्खं बाहेर काढणारी माणसं गोव्यात घरोघर असतील. तंत्र तेच, फक्त इथे कोंगा शिजवलेला नसतो. कधी दोन मिनिटांत काम होतं, कधी पाऊण तास लागतो. शेवटी लिमासिनाचं मऊ अंग सबंध बाहेर येतं, गिळलं जातं, आणि रिकामा शंख न फुटता तळाकडे जातो. शुंडा आत, घड्या बंद, आणि पुन्हा तोच गोड चेहरा.

हे बाजूला ठेवलं, तरी क्लायोनीच्या नुसत्या पोहण्यावर शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं खर्ची घातली आहेत, आणि मला तिचा हा भाग शिकारीपेक्षाही जास्त रोचक वाटतो. तिचं अंग पाण्यापेक्षा किंचित जड आहे, पंख थांबले की ती बुडते. म्हणून सेकंदाला एक-दोन वेळा पंख वर, पंख खाली, हे अखंड चालू. आता प्रश्न असा: ही लय येते कुठून? पंख वर गेल्याची बातमी मज्जासंस्थेला मिळते आणि मग ती 'आता खाली' असा हुकूम देते, की ही लय मुळात आतच तयार होते? १९८० च्या दशकात रशियाच्या श्वेत समुद्रातल्या क्लायोनी घेऊन युरी अर्शाव्स्की, ग्रिगोरी ऑर्लोव्स्की आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं. पंखांना चेतातंतू पुरवणाऱ्या चेतापेशींच्या गाठी त्यांनी अंगापासून पूर्ण वेगळ्या करून भांड्यात ठेवल्या. पंख नाहीत, हालचाल नाही, बाहेरून कसलीही बातमी नाही. तरीही त्या गाठींतून वर-खाली, वर-खाली असे विद्युत संकेत नियमाने निघत राहिले.

याचा अर्थ लय आतच आहे. पेशींचे दोन गट आहेत, एक पंख वर नेणारा, एक खाली आणणारा. एक गट जागा झाला की तो दुसऱ्याला गप्प करतो. त्याचा जोर ओसरला की दबलेला दुसरा गट उसळी मारतो आणि पहिल्याला गप्प करतो. एवढ्यावर अख्खं पोहणं चालतं. सेरोटोनिन नावाचं रसायन वाढलं की हीच लय जलद होते. आपलं चालणं, श्वास घेणं, अन्न चावणं यांच्या मागेही लय निर्माण करणारी अशीच जाळी असतात, पण आपल्यात पेशींची संख्या इतकी प्रचंड की एकेकीचं काम वेगळं काढणं महाकठीण. क्लायोनीत थोड्या, मोठ्या पेशी असतात आणि त्या एकेक करून ओळखता येतात. तिच्या अंगात तोल सांभाळणाऱ्या दोन सूक्ष्म पुटकुळ्याही आहेत. एरवी त्यांच्यामुळे डोकं वर राहतं. शिकारीच्या वेळी त्याच पुटकुळ्यांतल्या पेशींचं आपापसातलं जाळं वेगळ्या रीतीने काम करू लागतं आणि त्यातून ती बेभरवशी गिरकी जन्माला येते, असं २००० नंतरच्या संशोधनातून पुढे आलं. भक्ष्य नेमकं कुठे आहे ते दिसत नसेल, तर अंदाज न बांधता सगळीकडे फिरणं हाच शहाणपणा.

लिमासिना वर्षभर सारख्या प्रमाणात मिळत नाही. कधी खाडीभर, कधी शोधून सापडत नाही. मग एकाच अन्नावर अवलंबून असलेला प्राणी टिकतो कसा? चरबीवर. क्लायोनीच्या साठ्यात नेहमीच्या चरबीबरोबर ईथर-लिपिड म्हणतात तसले स्निग्ध पदार्थ मोठ्या प्रमाणात असतात, आणि ती ते अतिशय काटकसरीने वापरते. प्रयोगशाळेत उपाशी ठेवलेली एक क्लायोनी ३५६ दिवस जगल्याची नोंद आहे. या काळात असे प्राणी अंगाने आक्रसत जातात, म्हणजे स्वतःचंच शरीर हळूहळू जाळतात. गार पाण्यात शरीराचे व्यवहारही मंद असतात, त्याचा फायदा होतोच. गोव्याच्या २८ अंशांच्या समुद्रात एवढा उपास कोणत्याही गोगलगायीला झेपणार नाही.

इथे थोडं दक्षिण ध्रुवाकडे वळतो, कारण ही गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. अंटार्क्टिकच्या पाण्यात क्लायोनीची सख्खी नातलग राहते. तिच्या अंगात टेरोएनोन नावाचं रसायन असतं आणि त्यामुळे मासे तिला तोंड लावत नाहीत. तिथे कोळंबीच्या नात्यातला एक छोटा कवचधारी जीव आहे, हायपेरिएला. माशांचं तो आवडतं खाणं. हा पठ्ठ्या एक जिवंत क्लायोनी धरतो, पाठीवर बसवतो आणि पायांनी गच्च पकडून फिरवत राहतो. माशाने तोंडात घेतलंच तर दोघांनाही थुंकून टाकतो. १९९० मध्ये जेम्स मॅक्लिंटॉक आणि जॉन जॅन्सन यांनी हे 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केलं. पाठीवरच्या क्लायोनीला या सौद्यातून काहीच मिळत नाही. पकडलेली असेपर्यंत तिला खाताही येत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे, लिमासिनाच्या शंखाकडे. शंख-शिंपले कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. त्यांच्यापासून भाजलेल्या चुन्याने गोव्यातली जुनी घरं आणि देवळं उभी राहिली. पण कॅल्शियम कार्बोनेट एकाच जातीचं नसतं. त्यातले अणू दोन वेगवेगळ्या रचनांत बसतात: एक कॅल्साइट, दुसरी ॲरागोनाइट. पोर्तुगीज काळातल्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी पातळ, दुधी शिंपल्यांच्या चकत्या बसवलेल्या दिसतात. त्या जवळजवळ निव्वळ कॅल्साइटच्या असतात आणि पिढ्यान्‌पिढ्या ऊनपाऊस सोसतात. लिमासिनाचा शंख ॲरागोनाइटचा, आणि ॲरागोनाइट समुद्राच्या पाण्यात कॅल्साइटपेक्षा सहज विरघळतं. शिवाय तो शंख कमालीचा पातळ, कारण जड शंख घेऊन पोहता येत नाही.

पाण्यात काय घडतंय ते असं. आपण हवेत सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. वायू पाण्यात विरघळला की कार्बनिक आम्ल बनतं आणि त्यातून हायड्रोजनचे आयन सुटतात. हे आयन पाण्यातल्या कार्बोनेटला जाऊन चिकटतात आणि त्याचं बायकार्बोनेट होतं. शंख बांधायला लागतं ते कार्बोनेट. म्हणजे कार्बन डायऑक्साइड वाढला की शंखाचा कच्चा माल कमी होतो. तो एका मर्यादेखाली गेला, तर तयार शंखही विरघळू लागतो. औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या पृष्ठभागाचा सरासरी पीएच ८.२ वरून ८.१ च्या आसपास उतरला आहे. एक दशांश म्हणजे फार नाही असं वाटतं खरं, पण पीएचची मोजपट्टी साधी नाही. तिच्यावर एक अंक उतरणं म्हणजे आम्लता दहापट होणं. त्या हिशोबाने एक दशांश म्हणजे हायड्रोजन आयनांमध्ये सुमारे २६ टक्के वाढ. समुद्र 'आम्ल' झालाय असं मात्र म्हणू नये. तो अजूनही आम्लारीच आहे, फक्त आम्लतेच्या दिशेने सरकतोय.

ही सरकण आर्क्टिकमध्ये आधी जाणवण्याची कारणं दोन. एक, थंड पाण्यात वायू जास्त विरघळतात. दुसरं, हिमनद्या आणि समुद्रावरचा बर्फ वितळून गोडं पाणी मिसळतं, आणि त्यामुळे पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट आणखी विरळ होतं. अरबी समुद्राच्या उबदार पाण्यातही शंखवाले पंखपाद आहेत, सुईसारखा शंख असलेली क्रेसिस त्यांपैकी एक. तिच्या आसपास ॲरागोनाइटची अजून इतकी टंचाई नाही. लिमासिना मात्र नेमकी टंचाईच्या काठावर राहते. कोंग्सफियॉर्डमधल्याच लिमासिना घेऊन स्टीव्ह कोमो आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. या शतकाच्या अखेरीस अपेक्षित असलेल्या पाण्यात, म्हणजे ७.७८ पीएचला, त्यांची शंख बांधण्याची गती आजच्या तुलनेत २८ टक्क्यांनी घटली. घटली, थांबली नाही, हे नीट वाचायला हवं. काही बातम्यांत हाच निष्कर्ष 'शंख विरघळून गेले' असा छापला जातो.

याउलट काही संशोधकांनी दाखवलंय की लिमासिनाच्या शंखावर सेंद्रिय पदार्थाचं एक अतिपातळ आवरण असतं, ते शाबूत असेल तर खालचा खनिज भाग बराचसा बचावतो. आणि शंखाला इजा झालीच, तर प्राणी आतून नवा थर चढवून डागडुजी करतो. माझ्या मते दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. डागडुजी फुकट होत नाही. तिला ऊर्जा लागते, आणि ती ऊर्जा अंगातल्या चरबीतूनच जाणार. लिमासिना जगली पण रोडावली, तर क्लायोनीच्या वाट्याला पूर्वीइतकं जेवण येत नाही. तिला दुसरा पदार्थ खाता येत नाही, दुसरा शंख उघडताही येत नाही.

कोंग्सफियॉर्डमध्ये याला आणखी एक पदर आहे. ही खाडी ज्या बेटावर आहे त्या स्पिट्सबर्गेनच्या पश्चिम किनाऱ्याने अटलांटिकचं कोमट पाणी उत्तरेला वाहतं, आणि काही वर्षी ते खाडीत खोलवर शिरतं. त्याच्याबरोबर दक्षिणेकडची लिमासिना रेट्रोव्हर्सा येते. ती हेलिसिनापेक्षा लहान. क्लायोनी तीही खाते, पण एकेका शिकारीत मांस कमी. दक्षिणेकडच्या क्लायोनी इतक्या छोट्या का राहतात, याचं एक कारण इथे असावं, असं मानायला जागा आहे. खाडीत कोणत्या वर्षी कोणतं पाणी शिरलं हे उन्हाळ्यातल्या चार नमुन्यांवरून कळत नाही, हिवाळ्याच्या अंधारातही मोजत राहावं लागतं. २०१४ च्या जुलैमध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी या खाडीत सुमारे १९० मीटर खोल पाण्यात 'इंडार्क' ही उपकरणांची साखळी नांगरली, ती तापमान, क्षारता आणि प्रवाह बाराही महिने नोंदवण्यासाठीच. २०२३ च्या डिसेंबरात हिमाद्रीवर भारताची पहिली हिवाळी मोहीमही गेली.

क्लायोनीबद्दल वाचताना एक काळजी घ्यावी. पॅसिफिकमधली क्लायोनी पूर्वी याच जातीची समजत असत. डीएनए तपासल्यावर ती क्लायोनी एलेगांटिसिमा म्हणून वेगळी ठरली. जपानच्या होक्काइडोला हिवाळ्यात वाहत्या बर्फाबरोबर येणाऱ्या क्लायोनी पाहायला पर्यटक गर्दी करतात, आणि त्याच ओखोत्स्क समुद्रातली आणखी एक जात २०१७ मध्ये क्लायोनी ओखोटेन्सिस या नावाने नोंदवली गेली. इंटरनेटवरचे पुष्कळसे देखणे व्हिडिओ जपानी मत्स्यालयांतले असतात. त्यांत दिसणारी क्लायोनी स्वालबार्डची नसते. पण सहा शुंडा तिलाही आहेत, आणि भक्ष्य तिचंही लिमासिनाच.